नव्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स वॉरंटीत बिघडला तर काय करावे

दसऱ्याला गाडी घेतली आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणण्यासाठी चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालो. कन्नडच्या घाटात, ऐन दुपारी, बंद पडलेल्या ट्रकमागे पाऊण तास मुंगीच्या गतीने चढताना डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि पाचेक मिनिटांत गाडी पुढे सरकेनाशी झाली. मागच्या केळीच्या पिकअपचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काय व्हयनं भाऊ, गाडी रुसनी का?" मीटरवर ५,२०० किलोमीटर होते आणि गाडीला उणेपुरे सहा महिने झाले होते.

खरी अडचण घाटात नव्हे, वर्कशॉपच्या टेबलाशी सुरू झाली. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना गाडी झटका देते, हे मी आधीच्या दोन्ही मोफत सर्व्हिसिंगच्या वेळी सांगितले होते. पण दोन्ही जॉब कार्डांवर (गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रारी लिहून घेते तो कागद) "जनरल चेकअप" एवढेच लिहिलेले होते आणि खाली माझी सही होती. त्यामुळे वर्कशॉपच्या दप्तरी माझी पहिली तक्रार घाटातली ठरली, आणि घाटातल्या बिघाडाचा ठपका माझ्या चालवण्यावर ठेवणे त्यांना सोपे गेले. क्लचच्या कामासाठी पन्नास हजारांच्या घरातला अंदाज हातात पडला. पुढे अडीच महिन्यांनी तेच काम वॉरंटीत, एक पैसा न देता झाले. मधल्या काळात जे कळले ते क्रमाने मांडतो.

१. आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे, ते आधी जाणून घ्या

"ऑटोमॅटिक" हा शब्द शोरूममध्ये सरसकट वापरला जातो, पण त्यामागे किमान चार वेगळ्या रचना आहेत आणि प्रत्येकीचे नेहमीचे वागणे वेगळे आहे. एएमटीमध्ये गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच असतो. फक्त क्लच दाबणे आणि गिअर बदलणे हे काम यंत्र करते, म्हणून गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटून मान किंचित पुढे जाणे हा त्यात दोष धरला जात नाही. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात, पुलींवर पट्टा फिरतो. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, हेही स्वाभाविक आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा दुवा तेलाच्या माध्यमातून साधला जातो आणि गिअर बदलल्याचे सहसा जाणवतही नाही, त्यामुळे तिथे धक्का बसू लागला तर संशय घ्यावा. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी आणि दुसरा सम गिअरांसाठी. त्यातही कोरडा आणि तेलातला असे दोन प्रकार आहेत. कोरड्या क्लचला थंड ठेवायला तेल नसते, म्हणून चढावरच्या रखडत्या गर्दीत तो लवकर तापतो. माझी गाडी याच जातीची होती, आणि ही गोष्ट गाडी घेताना मला कोणी सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती.

हे माहीत असणे गरजेचे आहे, कारण वर्कशॉपचे पहिले उत्तर बहुतेक वेळा "हा या गिअरबॉक्सचा स्वभावच आहे" असे असते. काही वेळा ते खरेही असते. मात्र पुढील लक्षणे कोणत्याच रचनेचा स्वभाव नव्हेत: "डी"मध्ये टाकल्यावर गाडीने दोन-तीन सेकंद न हलणे, इंजिनाची रेस वाढूनही वेग न वाढणे, सपाट रस्त्यावर आणि हलक्या पायानेही ठरावीक गिअरला धडक बसणे, गिअर दाखवणारा अंक लुकलुकणे, जळका वास येणे, उभ्या गाडीखाली तेलाचे डाग पडणे आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहणे.

शंका असेल तर एक साधा उपाय आहे. त्याच मॉडेलची दुसरी गाडी, शक्यतो शोरूमचीच टेस्ट ड्राइव्हची गाडी, त्याच रस्त्यावर चालवून पाहा आणि वर्कशॉपच्या सर्व्हिस सल्लागाराला (ग्राहकाची तक्रार नोंदवून घेणाऱ्याला) शेजारी बसवा. दोन गाड्यांतला फरक त्याला बसल्या जागी जाणवला, की "स्वभाव" हा शब्द पुन्हा निघत नाही.

२. वॉरंटीचे पुस्तक वाचा, विशेषतः काय वगळले आहे ते

वॉरंटी वर्षांनी किंवा किलोमीटरने, जे आधी संपेल त्यानुसार संपते. आपल्याकडे धुळे-जळगाव-भुसावळ अशी रोजची ये-जा करणाऱ्यांची किलोमीटरची मर्यादा वर्षांच्या कितीतरी आधी गाठली जाते, याकडे लक्ष असू द्या.

सर्वांत मोठा सापळा क्लच प्लेटचा आहे. ब्रेक पॅड, वायपर यांच्याप्रमाणे क्लच प्लेटही अनेक कंपन्या "झिजणारा भाग" म्हणून वॉरंटीतून वगळतात. एएमटी आणि डीसीटीमध्ये क्लच असतोच, त्यामुळे बिघाड त्याच्यापर्यंत पोहोचला की बिल ग्राहकाच्या नावावर टाकले जाते. तिथे तुमचा मुद्दा असा असला पाहिजे की क्लच झिजला हा परिणाम आहे आणि त्याला चुकीच्या वेळी, चुकीच्या दाबाने चालवणारी यंत्रणा किंवा सॉफ्टवेअर हे कारण आहे. कारण वॉरंटीत येत असेल तर परिणामही त्यातच धरावा. मी हाच युक्तिवाद लेखी केला आणि शेवटी तोच मान्य झाला. अर्थात तो टिकला तो झटक्यांची नोंद क्लच झिजण्याच्या आधीपासूनची होती म्हणून. ती नोंद जॉब कार्डावर नसताना मी कशी उभी केली, ते पुढच्या मुद्द्यात येईल.

याशिवाय ठरलेले सर्व्हिसिंग चुकवणे, बाहेरून सीएनजी किट बसवणे, इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून घेणे आणि वायरिंग कापून लाइट, हॉर्न किंवा कॅमेरा जोडणे ही वॉरंटी नाकारण्याची ठरलेली कारणे आहेत. तुम्ही यांपैकी काही केले असेल तर ते लपवू नका, पण त्याचा गिअरबॉक्सशी काय संबंध आहे, ते लेखी सांगा असा आग्रह धरा.

३. बिघाडाची रोजनिशी ठेवा

घाटातल्या प्रसंगानंतर मी घरातली कापसाच्या हिशेबाची जुनी वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर नोंदी सुरू केल्या. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, मीटरचा आकडा, बाहेरचे तापमान, रस्ता सपाट की चढाचा, इंजिन थंड की तापलेले, एसी चालू की बंद, कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर जाताना काय झाले आणि किती वेळा झाले, एवढे लिहीत गेलो. तीन आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या आणि त्यांतून मलाच नवे असे काही दिसले: सकाळच्या थंड गाडीत झटका जवळजवळ नसे, दुपारी, वीस मिनिटे गर्दीत चालल्यावर तो हमखास येई. वर्कशॉपचा रोड टेस्टवाला गाडी सकाळी दहा वाजता, मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून "प्रॉब्लेम दिसला नाही" असे का सांगत होता, ते तेव्हा उमगले.

व्हिडिओ अवश्य घ्या, पण तो शेजारी बसलेल्याने घ्यावा. स्टीअरिंग धरलेल्या हाताने नव्हे. चौकटीत मीटर, गिअरचा अंक आणि वेग-रेसचे काटे एकत्र आले पाहिजेत आणि आवाज चालू असावा. माझ्या पुतण्याने जळगावच्या आकाशवाणी चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीत घेतलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ माझ्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त कामाला आला.

आधीच्या तोंडी तक्रारींचा पुरावा नसेल, तर सल्लागाराला त्या काळात पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश शोधा. माझा "भाऊ, पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्का बसतोय, सर्व्हिसिंगला आणतोय तेव्हा बघा" हा दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशीचा संदेश आणि त्याखालचा त्याचा अंगठा, एवढ्यावर माझी पहिली तक्रार घाटाच्या आधीची असल्याचे सिद्ध झाले.

एक चूक टाळा: चेतावणीचा दिवा घालवण्यासाठी बॅटरीची तार काढू नका आणि स्वस्तातल्या स्कॅनरने गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड पुसू नका. कोड नोंदला जाताना वेग, रेस, तापमान अशी त्या क्षणाची माहितीही अनेकदा साठवली जाते आणि कोड पुसला की तीही जाते.

४. गाडी वाटेतच अडली तर

गाडी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, "पी" किंवा "एन"मध्ये टाकून हँडब्रेक ओढा. बहुतेक एएमटी गाड्यांत "पी" नसतो, तिथे हँडब्रेकवरच भिस्त असते आणि घाटात चाकामागे दगड लावणे शहाणपणाचे. सूचना तापण्याची असेल तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती थंड होऊ द्या. सूचना पुन्हा आली तर चालवत राहू नका; "सूचना दिसूनही गाडी चालवली" हे वाक्य दावा फेटाळायला पुरेसे आहे.

गाडी ओढून नेताना गिअरबॉक्सला जोडलेली चाके जमिनीवर राहू देऊ नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर आतले भाग तेलाविना घासले जातात. म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी नेण्याचा आपल्याकडचा सोपा मार्ग इथे महागात पडतो. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करून सपाट पाठीची गाडीच मागवा, आणि त्या कॉलचा क्रमांक जपून ठेवा. मला घाटात तिची साडेतीन तास वाट पाहावी लागली. पाण्याची बाटली गाडीत असू द्या.

५. जॉब कार्डावर आपले शब्द लिहून घ्या

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ती ही. सल्लागार घाईत असतो, त्याच्या संगणकात तयार पर्याय असतात, आणि "लिहितो, काळजी करू नका" असे तो आपुलकीने म्हणतो. त्याला थांबवून, घरून लिहून आणलेली दोन वाक्ये तशीच टाकायला सांगा. माझे वाक्य असे होते: "बाहेरचे तापमान ३५ अंशांच्या वर असताना, गर्दीत वीस मिनिटे चालल्यावर, पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना झटका बसतो, चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही." ते छापून आल्यावर वाचा आणि मगच सही करा. जागा पुरत नाही असे म्हटले तर तोच मजकूर डीलर आणि कंपनी या दोघांना त्याच दिवशी ईमेलने पाठवा, विषयात गाडीचा क्रमांक आणि जॉब कार्डाचा क्रमांक घाला.

तालुक्याच्या लहान शाखेत पूर्ण स्कॅनर किंवा गिअरबॉक्सचे प्रशिक्षण घेतलेला माणूस असेलच असे नाही. तिथे "बघितले, ठीक आहे" असे ऐकून परत येण्यापेक्षा जिल्ह्याच्या मोठ्या वर्कशॉपची वेळ घ्या, आणि ती दुपारची घ्या. माणसाला शेजारी बसवून बिघाड दिसतो त्या रस्त्यावर आणि त्याच वेळी रोड टेस्ट करा. धुळ्याकडच्यांना लळिंगचा घाट हाताशी आहे. मी मात्र मेच्या उन्हात, पारा ४३ अंशांवर असताना, शहरातल्या हायवेच्या गर्दीतच तीन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला मेकॅनिक स्वतःच "हो साहेब, मारतेय" असे बोलून गेला.

६. स्कॅन रिपोर्ट मागा आणि दुरुस्तीचा क्रम समजून घ्या

गिअरबॉक्सला स्वतःचा संगणक असतो, त्याला वर्कशॉपमध्ये टीसीयू किंवा टीसीएम म्हणतात. त्यात नोंदलेल्या कोडांची प्रत किंवा निदान स्क्रीनचा फोटो मागा. पी०७०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या संगणकाने बिघाड नोंदवला आहे. नेमका बिघाड सोबतच्या दुसऱ्या कोडात असतो, म्हणून दोन्ही घ्या.

दुरुस्ती सहसा स्वस्ताकडून महागाकडे जाते: आधी सॉफ्टवेअर अपडेट, मग क्लच कुठे पकडतो ते संगणकाला नव्याने शिकवणे, मग एखादा सुटा भाग, आणि शेवटी संपूर्ण जोडणी बदलणे. हा क्रम तर्कशुद्ध आहे, त्याला विरोध करू नका. मात्र प्रत्येक वेळी काय केले, ते बिलावर लिहून घ्या, बिल शून्य रुपयांचे असले तरी. नव्याने शिकवल्यानंतर काही दिवस गाडी थोडी वेगळी वागते आणि मूळ दोष त्या काळात दबून राहू शकतो. माझा झटका अपडेटनंतर नऊ दिवस गायब होता. मी समाधानाचा अभिप्राय नोंदवून मोकळा झालो होतो आणि तो अभिप्राय पुढे माझ्याच विरुद्ध दाखवला गेला. फोनवर दहापैकी किती गुण विचारणाऱ्या मुलीला "पंधरा दिवस चालवून सांगतो" असे उत्तर द्या.

७. गाडी परत घेताना

मीटरचा आकडा आधीच्या नोंदीशी ताडून पाहा. बदललेल्या भागाचा क्रमांक बिलावर आहे का ते बघा, आणि त्या भागाला वेगळी मुदत मिळते की मूळ वॉरंटीचीच उरलेली मुदत लागू होते, ते विचारून घ्या. बहुधा दुसरेच असते. गाडी घरी नेण्याआधी मेकॅनिकसह दुपारची रोड टेस्ट पुन्हा करा.

गाडी किती दिवस अडकली होती, तेही बिलावरच्या आत-बाहेरच्या तारखांनी सिद्ध होते. सुटा भाग मागवायचा असेल तर आठवडे जातात. माझी शेवटची फेरी २६ दिवसांची होती. त्या काळात पर्यायी गाडी मागा. मिळेलच असे नाही, पण मागितल्याची ईमेल राहते.

८. डीलरच्या वर दाद कशी मागावी

तीच तक्रार दुसऱ्यांदा आली की सल्लागाराशी वाद घालत बसू नका. सर्व्हिस मॅनेजरला भेटा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. कंपनीचा विभागीय सर्व्हिस अधिकारी ठरावीक दिवशी वर्कशॉपला येत असतो, ती तारीख विचारून घ्या आणि त्याच दिवशी गाडी घेऊन जा. वॉरंटीत महागडा भाग मंजूर करणे बऱ्याचदा त्याच्या हातात असते, आणि डीलरच्या माणसांनाही आतून तेच हवे असते. त्यांच्याशी कडू होण्याचे कारण नाही. माझे काम याच पायरीवर झाले.

कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून आपली गाडी एखाद्या रिकॉलमध्ये (दोष आढळलेल्या गाड्या कंपनी दुरुस्तीसाठी परत बोलावते त्यात) येते का, तेही पाहून घ्या. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथून आदेश निघत नाही, पण तक्रार कंपनीकडे जाते आणि उत्तर देणारा माणूस बदलतो, एवढा फायदा पुष्कळ वेळा पुरतो.

एका फाइलमध्ये पुढील कागद लावून ठेवा:

गाडीचे खरेदी बिल, आरसी आणि विम्याची प्रत
वॉरंटीचे पुस्तक व वाढीव वॉरंटी घेतली असल्यास तिचे प्रमाणपत्र
सर्व जॉब कार्डे आणि बिले, शून्य रुपयांचीही
स्कॅन रिपोर्ट
रोजनिशी, व्हिडिओ (मूळ फोनमधून न पुसता) आणि संदेशांचे स्क्रीनशॉट
ईमेल व तक्रार क्रमांकांची तारीखवार यादी
रोडसाइड असिस्टन्सचा कॉल क्रमांक, भाड्याच्या गाडीच्या पावत्या

९. ग्राहक आयोगाची वेळ आली तर

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय कुठेही असो. शहाद्याच्या माणसाला नंदुरबारचा, शिरपूरच्याला धुळ्याचा आणि रावेरच्याला जळगावचा जिल्हा आयोग चालतो. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये आणि १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये शुल्क आहे. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वकील नेमणे सक्तीचे नाही, तरी यंत्राचा वाद असल्याने नेमलेला बरा. त्याआधी डीलर आणि उत्पादक कंपनी या दोघांना, पोच मिळेल अशा रीतीने, लेखी नोटीस पाठवा आणि तक्रारीतही दोघांना सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा.

मागणी मात्र भान ठेवून करा. "नवी गाडी द्या किंवा सगळे पैसे परत करा" हे सुचणे स्वाभाविक आहे आणि तसा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहेही. पण वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असताना पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका प्रकरणात रद्द केला होता, आणि कंपन्यांचे वकील तो निकाल घेऊनच येतात. म्हणून पहिली मागणी गिअरबॉक्स किंवा सदोष भाग बदलण्याची, त्यासोबत नुकसानभरपाईची, आणि गाडी बदलून देण्याची मागणी पर्यायी ठेवावी. दोष उत्पादनाचाच आहे, हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो. तपासणीसाठी गाडी पाठवण्याची विनंती आयोगाला करता येते.

१०. मुदत संपण्याआधीची शेवटची फेरी

वॉरंटी संपण्याच्या दीड-दोन महिने आधी गाडी स्वतःहून वर्कशॉपला न्या आणि जे जे खटकते ते जॉब कार्डावर घाला. मुदतीत नोंदलेली तक्रार दुरुस्तीआधी मुदत उलटली तरी रेटून धरता येते. वाढीव वॉरंटीही सहसा मूळ मुदत संपण्याच्या आत घ्यावी लागते, आणि घेताना गिअरबॉक्सचा संगणक व क्लच यांचा त्यात समावेश आहे का, ते शोरूमच्या पत्रकात नव्हे, अटींच्या कागदावर वाचावे. माझ्या गाडीची मुदत येत्या दसऱ्याला संपते. पोळ्यानंतरच्या सोमवारी, दुपारी दोनची वेळ घेतली आहे. उलट्या गिअरला अलीकडे बारीकसा खडखडाट येतो, त्याच्या सहा नोंदी वहीत झाल्या आहेत.